ठिणगी ब्रशाची नव्हती

परीक्षेचे दिवस आले की माझा राग जागा होतो. एरवी मी बरी असते. वर्षभर मुलांना शिकवते, त्यांच्या चुकांवर हसते, तुटलेले स्क्रू ड्रायव्हर गोळा करून कपाटात ठेवते. पण आयटीआयच्या व्हरांड्यात प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक लागलं की मला कुणाशी धड बोलवत नाही. उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. उसाची शिवारं तोडणी होऊन उघडी पडलेली असतात, वर्कशॉपच्या पत्र्याला दुपारी हात लावता येत नाही. मुलं निळे शर्ट इस्त्री करून येतात, खिशाला नवाकोरा टेस्टर लावलेला असतो. वर्षभर धूळ खात पडलेल्या मोटरी फडक्यानं पुसून टेबलावर मांडल्या जातात, आणि मशीन ऑइल, वार्निश आणि घामाचा मिळून एक वास सगळ्या इमारतीत पसरतो. तो वास नाकात गेला की मी चौदा वर्षं मागे जाते आणि तिथे मला कुणीतरी प्रश्न विचारतं, आणि मी खोटं उत्तर देते.

मी राजूरची. आमचे बापू राजूरच्या बाजारात स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करत. डोंगरातल्या वाड्यांमधून बाया डोक्यावर पाटी घेऊन यायच्या आणि पाटीत तांदळासोबत बिघडलेला स्टोव्ह असायचा. दुरुस्तीची आवड मला तिथून लागली. दहावी झाल्यावर इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला नाव घातलं ते प्रवरेकाठच्या एका खासगी आयटीआयमध्ये. त्या संस्थेचं नाव घेत नाही. घेऊन काही बदलणार नाही. वर्गात मुली दोनच. एक मी आणि दुसरी शेवगावची नसरीन.

नसरीनच्या अब्बांचं शेवगावात मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान होतं. पिठाच्या गिरणीच्या, विहिरीवरच्या, सरकी काढायच्या मशीनच्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या. ती तांब्याच्या तारेच्या रिळांवर बसून पाढे शिकली होती. गावात आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्यानं राहायचो. पहिल्या आठवड्यात घरमालकीण काकूंचा मिक्सर बिघडला. सुरू केला की खालून निळ्या ठिणग्या उडायच्या आणि काकू हात मागे घ्यायच्या. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, मोटर गेली, नवीन घ्या. नसरीननं मिक्सर उलटा करून खालच्या जाळीतून आत पाहिलं, नाक जवळ नेलं, मग म्हणाली, "मोटर न्हाई गेली, काकू. जळका वास न्हाई. ठिणगी एकाच बाजूला पडती. तिकडचा ब्रश झिजलाय."

काकूंना वाटलं, आत दात घासायचा ब्रश आहे की काय. तेव्हा तिनं त्यांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सर उघडून दाखवला. आतल्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याच्या टोकाला तांब्याच्या बारीक बारीक पट्ट्यांचं एक गोल कडं असतं, ते कम्युटेटर. त्या कड्यावर दोन बाजूंनी कोळशाचे दोन तुकडे टेकलेले असतात, मागे स्प्रिंग. वीज त्या तुकड्यांमधून कड्यावर आणि कड्यावरून आत गुंडाळलेल्या तारांत जाते. त्या कोळशाच्या तुकड्यांना ब्रश म्हणतात. तुकडा झिजला, स्प्रिंग ढिली पडली, की तो कड्याला नीट चिकटत नाही आणि मधल्या फटीत ठिणगी पडते. नवीन तुकडा बसवला आणि मिक्सर पूर्वीसारखा घुमला. काकूंनी त्या दिवशी आम्हाला शेंगदाण्याची चटणी वाटून दिली.

मोटर बघायची रीत मी वर्गात कमी आणि तिच्याकडून जास्त शिकले. कदम सर आमचे शिक्षक. माणूस चांगला, पण फळ्यावर लिहून द्यायचे: ठिणगी पडण्याची कारणे, एक ते नऊ. आम्ही पाठ करायचो. नसरीन पाठ करायची नाही. ती म्हणायची, "आधी ठिणगी कुठं पडती ते बघ. मग कशी दिसती ते बघ. का पडती ते शेवटाला इचार." एकाच ब्रशाखाली पडली तर तो ब्रश नाहीतर त्याची स्प्रिंग. दोन्हीखाली सारखी पडली तर ब्रश चुकीच्या जागेवर बसलेत किंवा मोटरवर ओझं जास्त आहे. टरटर आवाज येत असेल तर कड्याला खरखरीतपणा आलाय, किंवा पट्ट्यांच्या मधला अभ्रक वर आलाय. आणि ठिणगी जर कड्याभोवती गोल फिरताना दिसली, एखादी पेटती काडी गरागरा फिरवावी तशी, तर ब्रशाला हात लावू नकोस. आत आर्मेचरमध्ये कुठलीतरी तार तुटली आहे किंवा पट्टीवरचा डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, सुटला आहे. ती तार ज्या दोन पट्ट्यांना जोडलेली असते त्या दोन पट्ट्यांच्या कडा काळ्या पडलेल्या सापडतात. निरोगी कडं तपकिरी दिसतं, चकचकीत, हात फिरवावासा वाटावा असं. आजारी कड्यावर काळं असतं आणि ते काळं ठरावीक जागीच असतं.

हे ती सांगायची तेव्हा मला नेहमी वाटायचं, ही मोटरकडे बघत नाही, मोटरचं ऐकून घेते. आमच्यापैकी बाकीचे सगळे मोटरला सांगत असू की तुला काय झालंय.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी कदम सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. म्हणाले, जवळच्या एका साखर कारखान्यात अप्रेंटिस घेणार आहेत. मुलीची एक जागा आहे. आपल्या संस्थेतून जिला प्रात्यक्षिकात जास्त गुण पडतील तिचं नाव पाठवू. आम्ही बाहेर आलो. नसरीन म्हणाली, "तुला मिळो न्हाईतर मला, पेढे दोघी मिळून खायचे." मी हो म्हणाले. मनात मी हिशेब केला होता की तिलाच मिळणार. वर्कशॉपमध्ये तिच्या जवळपास जाणारं कुणी नव्हतं, मुलांतही नाही. मुलंसुद्धा अडली की तिच्या टेबलाशी यायची आणि सर आले की लांब सरकायची.

परीक्षक बाहेरून आले. पांढरा शर्ट, काखेत फाइल. आल्या आल्या म्हणाले, "दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकू. मला जायचंय." कदम सरांनी मान डोलावली. दोन वर्षं शिकलेल्या वीस पोरांचं काम त्या माणसाला उरकायचं होतं आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

टेबलावर डीसी मोटर होती, तिच्यात मुद्दाम एक बिघाड करून ठेवलेला. तो बिघाड म्हणजे एका बाजूला झिजलेला ब्रश. परीक्षकांच्या फाइलमध्ये एक तक्ता होता, त्यात एक रकाना: अपेक्षित दोष. त्या रकान्यात लिहिलं होतं, ब्रश झिजलेला. विद्यार्थ्यानं मोटर बघायची, दोष सांगायचा, नवा ब्रश बसवायचा, मोटर पुन्हा चालवून दाखवायची. शेवटच्या पायरीलाही गुण होते. परीक्षकांनी ती पायरी काढून टाकली. "चालवण्यात वेळ जातो. ब्रश बसवला की पुढं चला." आणि चालवण्याचे गुण सगळ्यांना सरसकट भरले. पुढच्या विद्यार्थ्यासाठी जुना ब्रश परत बसवायचा, की झालं.

माझा नंबर नसरीनच्या आधी होता. मी मोटर चालू केली, ठिणगी पाहिली, बंद केली, झाकण काढलं. ब्रश झिजलेला होता हे खरंच होतं. पण कडं हातानं फिरवताना मला दोन शेजारशेजारच्या पट्ट्या दिसल्या, कडेला काळ्या, जळून खडबडीत झालेल्या. बाकीचं कडं तपकिरी, आणि तिथेच तेवढं काळं. ठिणगी कशी दिसली होती ते मी आठवलं. ती फिरत होती. मला नक्की माहीत होतं की ती फिरत होती.

मी म्हणाले, "सर, ब्रश झिजलाय."

"बरोबर. बदल."

मी बदलला. पूर्ण गुण. आणि मी टेबलाच्या बाजूला, पाण्याच्या माठापाशी जाऊन उभी राहिले.

नसरीन आली. तिनं मोटर चालू केली आणि नेहमीसारखी वाकून बघत राहिली. परीक्षक घड्याळाकडे बघत होते. तिनं मोटर बंद केली, झाकण काढलं, कडं सावकाश फिरवलं. ब्रश बदलला. मग न विचारता मोटर पुन्हा चालू केली. नवा ब्रश होता आणि ठिणगी तशीच होती. निळसर पांढरी, गोल फिरणारी. हवेत तो तिखट वास पसरला, वीज कडाडून गेल्यावर येतो तसला.

"सर, ब्रश झिजला होता, पन ठिणगी त्याची न्हाई," ती म्हणाली. "आर्मेचरमदी डाग सुटलाय. या दोन पट्ट्या बघा."

"नवा ब्रश अजून बसला नाही. घासून घासून बसेल," परीक्षक म्हणाले.

"बसला नसता तर त्या एकाच ब्रशाखाली ठिणगी पडली असती, सर. ही फिरतीय. मला मल्टिमीटर द्या, दोन मिनटांत दाखवते."

"मल्टिमीटर या जॉबमध्ये नाही."

"पन मोटर दुरुस्त झाली न्हाई, सर. अशीच चालवली तर या पट्ट्या जळतील."

"तुला मोटर दुरुस्त करायला बोलावलं नाही. परीक्षा द्यायला बोलावलंय. दोष काय, एका वाक्यात सांग."

ती म्हणाली, "डाग सुटलाय."

परीक्षकांनी फाइलमधल्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय वाच. ब्रश झिजलेला. या पट्ट्यांचं काळं म्हणजे घाण. फडक्यानं पूस."

नसरीननं फडकं घेऊन ते पुसलं. काळं तसंच राहिलं. मग ती वळली आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "सर, हिला इचारा. हिनं माझ्या आधीच उघडली हुती. हिलापन दिसलं असंल."

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय गं, तुला काय दिसलं?"

वर्कशॉपमध्ये पंख्याचा आवाज होता. कदम सर खिडकीकडे बघत होते. कारखान्याची एक जागा माझ्या डोक्यात होती, आणि राजूरच्या बाजारात गोणपाटावर बसलेले बापू होते, ज्यांनी कुणाच्या स्टोव्हला काय झालंय हे कधी न उघडता सांगितलं नव्हतं.

"ब्रश झिजलेला दिसला, सर," मी म्हणाले.

"आणि या पट्ट्या?"

"तसं काही दिसलं नाही."

नसरीननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ज्या नजरेनं ती मोटर पाहायची त्या नजरेनं, ठिणगी कुठे पडते आहे हे बघत. मग तिनं झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले, हत्यारं ओळीनं लावून ठेवली आणि बाहेर गेली. तिच्या नावापुढे परीक्षकांनी लिहिलं: दोष ओळखता आला नाही. अनुत्तीर्ण.

मला लोक म्हणतात, इतक्या जुन्या गोष्टीचा इतका राग कशाला. त्यांना मी काय सांगू. त्या माणसाला काही सिद्ध करायचं नव्हतं. मुलीला खाली ओढायचं होतं असंही नाही. तसं असतं तरी मला ते समजलं असतं. त्याच्या डोळ्यांसमोर मोटर जळत होती आणि त्यानं कागद वाचला. चालवून बघायची पायरी ज्या माणसानं काढून टाकली त्याच माणसानं दोष कळला नाही असा शेरा मारला. आणि त्याच्या बाजूला मी उभी राहिले. माझ्या त्या एका वाक्यानं त्याचा कागद खरा ठरला. राग येतो तेव्हा तो आधी त्याच्यावर येतो, कारण ते सोपं आहे. मग तो वळून माझ्याकडे येतो आणि मुक्कामाला राहतो.

दुपारी परीक्षक गाडीत बसून गेले. कदम सर वर्कशॉपमध्ये परत आले तेव्हा नसरीन तिथेच होती. तिनं त्यांना मल्टिमीटर मागितला. त्यांनी कपाट उघडून दिला. तिनं ब्रश उचलून बाजूला केले आणि एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर, तिथून पुढच्या पट्टीवर, अशा मीटरच्या दोन्ही पिना सरकवत नेल्या. सगळीकडे एकसारखं रीडिंग. त्या दोन काळ्या पट्ट्यांवर आली आणि काटा उडाला. तिनं सोल्डरिंग गन तापवली, सुटलेलं टोक घासून साफ केलं, डाग दिला, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं साफ केल्या. मोटर चालू केली. ठिणगी नव्हती. मोटर एखाद्या समाधानी जनावरासारखी हुंकारत राहिली.

मी हे सगळं दारातून पाहिलं. आत गेले नाही.

"तुझं बरोबर होतं गं," कदम सर म्हणाले. "पण गुण त्यांच्या सहीनं जातात."

"मग तुमी तवा का बोलला न्हाई, सर?"

कदम सरांना घरी जायचं होतं, त्यांच्या मुलाला ताप होता, असं काहीतरी ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नसरीनचे अब्बा शेवगावहून एसटीनं आले. पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत वार्निश मुरलेलं, कितीही धुतलं तरी न जाणारं. प्राचार्यांच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी बाहेर बाकावर होते. दार उघडं होतं. ते आवाज न चढवता बोलत होते.

"साहेब, मी तीस वर्सं मोटरी भरतोय. पोरगी बोलली ते मी बिनबघता खरं म्हनत न्हाई. मोटर हितंच हाय. चला, मी चालवून दावतो. तिनं दिलेला डाग काडतो, पुन्ना ठिणगी दावतो. मग तुमी ठरवा."

प्राचार्य म्हणाले, "चाचा, प्रश्न मोटरचा नाही. प्रश्न प्रक्रियेचा आहे. निकाल गेला. पुरवणीला बसवा, पास होईल."

"पास हुईल व्हय. पन तिला दोष कळला न्हाई असं तुमच्या कागदावर राहील. ते खोटं हाय."

"ते बदलता येत नाही."

अब्बा उठले, टोपी नीट केली आणि बाहेर आले. बाकावर मला पाहून ते थांबले. त्यांना माहीत नव्हतं. नसरीननं सांगितलंच नव्हतं. "काय बेटा, बरी हायेस ना? तुजा निकाल चांगला आला म्हनं. चांगलं झालं," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून तिथे आहे असं मला परीक्षेच्या दिवसांत वाटतं.

नसरीननं त्या दिवशीच खोली सोडली. भांडली नाही, रडली नाही. तिची ट्रंक अब्बांनी उचलली. काकू म्हणाल्या, पोरी, जेवून जा, तर ती म्हणाली, "गाडी चुकंल, काकू."

मी कारखान्यात लागले. दोन गळीत हंगाम तिथे काढले. पेढे वाटले नाहीत. तिथे एक फोरमन होते, बोलायला कडक. पहिल्याच आठवड्यात एका मोटरपाशी नेऊन म्हणाले, "काय दिसतंय ते सांग. काय असायला पाहिजे ते नको सांगू." मी त्यांना जे दिसलं ते सांगितलं, एकेक करून. ते म्हणाले, हात चांगला आहे तुझा, कुणी शिकवलं. मी म्हणाले, मैत्रिणीनं.

नसरीन पुरवणीत पास झाली, असं कदम सरांकडून कळलं. तोपर्यंत सगळीकडच्या जागा भरून झाल्या होत्या. ती अब्बांच्या दुकानात बसली.

आता मी स्वतः याच जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये शिकवते. मुलं मला मॅडम म्हणतात. दर वर्षी बाहेरून परीक्षक येतात आणि दर वर्षी त्यांच्या फाइलमध्ये तो रकाना असतो. अपेक्षित दोष. हे दोन शब्द पाहिले की मला त्यांची चीड येते. मोटरला दोष असतो. तो अपेक्षित कसा असेल? ज्याला आधीच ठाऊक आहे काय सापडायचं, त्याला सापडणार काय? आपण पोरांना शोधायला शिकवतो म्हणतो आणि परीक्षेत साहेबांच्या मनातलं ओळखायला लावतो. मग हीच पोरं उद्या कुणाच्या घरचा मिक्सर, कुणाच्या विहिरीची मोटर उघडतात, न बघताच सांगतात, गेली, नवीन घ्या. आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना काही येत नाही.

यंदाच्या परीक्षेत परीक्षक म्हणाले, "मॅडम, चालवून बघण्याची पायरी सोडू. गुण भरून टाका." अकरा वर्षं मी अशा वेळी काहीतरी पुटपुटून सही करत आले होते. हेही लिहायला हवं. अकरा वर्षं. यंदा काय झालं ठाऊक नाही. मी म्हणाले, "चालवल्याशिवाय मी सही करणार नाही." ते हसले. मी हसले नाही. मी दुरुस्त झालेल्या मोटरी एकेक करून चालू केल्या. दोन मोटरींत ठिणगी तशीच होती आणि त्या दोन्ही मुलांना पूर्ण गुण दिलेले होते. मी परीक्षकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "मार्क भरून झालेत. तुम्ही कामात अडथळा आणताय." मी सही केली नाही. त्यांनी वर कळवलं. आठवड्याभरात मला मेमो आला: परीक्षेच्या कामकाजात अडथळा आणल्याबद्दल लेखी खुलासा करावा.

तो मेमो पर्समध्ये घालून मी रविवारी शेवगावची गाडी पकडली. खरं सांगायचं तर मला कौतुक हवं होतं. मला वाटलं, मी तिला हे सांगीन आणि ती म्हणेल, चल, फिटलं.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. अब्बा आता येत नाहीत, गुडघे धरलेत. नसरीन स्टुलावर बसून एका आर्मेचरला तार भरत होती. कानामागे पेन्सिल, दुपट्टा पाठीमागे बांधलेला. दोन बायका मिक्सर घेऊन थांबल्या होत्या. तिनं मला ओळखलं, स्टूल पुढे केलं, त्या बायकांचं काम संपवलं. मग मी सगळं सांगितलं. यंदाची परीक्षा, दोन मोटरी, मेमो. आणि शेवटी तेही सांगितलं, जे तिला माहीत होतं. "मला त्या पट्ट्या दिसल्या होत्या, नसरीन. मी खोटं बोलले."

ती तार भरत राहिली. एक फेरा, दुसरा फेरा.

"त्या परीक्षकाचा राग कवाच गेला," ती म्हणाली. "त्यो मला वळखत पन नव्हता. तुझा न्हाई गेला, वैशाली."

तिनं आर्मेचर फिरवून पुढच्या खाचेत तार घातली.

"आनि आज आलीस म्हनून जाईल, असं पन न्हाई. उगा सांगत न्हाई मी तुला बरं वाटावं म्हनून." तिनं तार तोडली, टोक घासलं. "खुलासा काय लिहिलास?"

मी पर्समधून कागद काढून दिला. घरी बसून लिहिला होता. तिनं हात पुसले, कागद उजेडाकडे धरून वाचला. मी लिहिलं होतं: गैरसमजातून प्रकार घडला असावा, तरी सदर दोन मोटरींमध्ये कदाचित दोष राहिला असावा असे वाटल्याने सही करता आली नाही, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

"दोष व्हता का नव्हता?" तिनं विचारलं.

"होता."

"तू चालवून बघितलंस?"

"बघितलं."

तिनं कानामागची पेन्सिल काढली. ‘गैरसमज’ खोडला. ‘कदाचित’ खोडलं. ‘वाटल्याने’ खोडलं. दिलगीर असलेली अख्खी ओळ खोडली. मग आणखी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, बिलबुकातून फाडलेला, वर दुकानाचं नाव असलेला.

"हितं बसून लिही," ती म्हणाली. "मी वाचल्याबगर जाऊ नको."

मी लिहिलं. चार ओळी झाल्या. तिनं वाचल्या, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि कागद माझ्या हातात देऊन आर्मेचरकडे वळत म्हणाली, "आता कर सही."